बेळगावहून जैसलमेर: किल्ला, वाळू आणि बॉर्डर नीट बघायची तर

आपल्या भागात, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडं चंदगड-गडहिंग्लज धरून, जैसलमेर हे नाव कानावर न पडलेलं घर सापडायचं नाही. कुणाचा भाऊ मराठा लाईट इन्फंट्रीत, कुणाचा मामा बीएसएफमध्ये, आणि नोकरीत कधीतरी राजस्थान बॉर्डरचं पोस्टिंग झालेलंच असतंय. सुट्टीवर आले की वाळूची वादळं, दुपारचं ऊन, रात्रीचा गारठा सगळं सांगतात, पण त्याच गावात ११५६ साली बांधायला घेतलेला किल्ला उभा आहे आणि त्यात आजसुद्धा काही हजार माणसं संसार करून राहतात हे जरा कमी सांगितलं जातं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, खास करून घरच्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोराबाळांना घेऊन जाणाऱ्यांसाठी.

आधी मुद्द्याचं. टूरवाल्यांचा ठरलेला प्लॅन असा असतो की सकाळी दोन तासात किल्ला, मग दोन हवेल्या, संध्याकाळी सम गावच्या वाळूत उंट, रात्री नाचगाणं आणि दुसऱ्या दिवशी गाडी परतीला. माझं म्हणणं याच्या उलट आहे. किल्ल्याला दोन सकाळी द्या, बॉर्डरला एक अख्खा दिवस द्या, वाळूला एक संध्याकाळ पुरते. आणि मुक्काम किल्ल्याच्या आत करू नका, खाली गावात करा, त्याचं कारण पुढं सांगतो. एवढं सगळं बसवायला जैसलमेरमध्ये तीन रात्री लागतात, दोन रात्रीत ओढाताण होते आणि मग नेमकं किल्ल्याच्याच वाट्याला कमी येतं.

जायचं कधी आणि कसं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यातही दिवाळीची गर्दी ओसरल्यावर. दिवाळीत आणि नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात गुजरातवरून एवढी माणसं येतात की खोलीचे भाव कुठल्या कुठं जातात आणि किल्ल्याच्या गल्लीतून चालायला वाट मिळत नाही. माघ पौर्णिमेच्या आधी तीन दिवस मरु महोत्सव असतो, उंटांचे खेळ, पगडी बांधायच्या स्पर्धा वगैरे, ज्यांना तेच बघायचंय त्यांनी त्या तारखा धराव्या. उन्हाळ्यात जाऊच नका, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि तो सगळा पिवळा दगड तापून उठतो. बेळगावच्या थंडीची सवय आहे, आम्हाला काय होतंय, असं म्हणून डिसेंबर-जानेवारीत नुसता एक स्वेटर घेऊन जाणारे भेटतात, तसं करू नका. तिथली हवा कोरडी, दुपारी ऊन चटका देतंय आणि सूर्य बुडाला की तासाभरात दात वाजायला लागतात, वाळूत तर जास्तच. कानटोपी, पायमोजे, ओठाला लावायला काहीतरी, हे सगळं पाहिजेच.

रेल्वेनं जायचं तर बेळगाववरूनच जोधपूरची गाडी मिळते, बेंगळुरू-जोधपूर एक्सप्रेस हुबळी, बेळगाव, मिरज, पुणे करत वर जाते, पण ती रोज नाही, ठरावीक वारीच असते, म्हणून आधी गाडीचा वार बघा आणि मग सुट्टी टाका. दीड दिवसाच्या आसपास गाडीत जातो. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने आधी नाही, तेव्हा तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी सकाळीच बसा, कारण या गाडीला आपल्याकडच्या मारवाडी दुकानदार मंडळींची गावाकडं जायची गर्दी बारमाही असते. (त्यांच्यापैकी कुणी ओळखीचं असेल तर जायच्या आधी जरूर बोलून घ्या, कुठली गाडी लेट होते, जोधपूरला कुठं उतरायचं, ही माहिती त्यांच्याइतकी पक्की कुणाकडं नसते.) नाही जमलं तर मुंबईला जाऊन बांद्रा टर्मिनसवरून थेट जैसलमेरची साप्ताहिक गाडी आहे ती बघा. विमानाचं म्हणाल तर जैसलमेरची विमानं मुख्यतः थंडीच्या सीझनमधली, दरवर्षी वेळापत्रक बदलतं, त्यामुळं जोधपूरपर्यंत विमान आणि पुढं गाडी हा हिशेब जास्त बरा पडतो.

जोधपूर ते जैसलमेर अंतर तीनशे किलोमीटरच्या जरा आत, रेल्वेनं किंवा रस्त्यानं पाच-सहा तास. माणसं पाच-सहा असतील तर जोधपूरलाच गाडी ठरवा, वाटेत रामदेवरा आणि पोकरण होतं. रामदेवराला बाबा रामदेवांची समाधी आहे, हिंदू-मुसलमान दोघंही मानतात, मुसलमान त्यांना रामसा पीर म्हणतात. पोकरण म्हटल्यावर सगळ्यांना १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्या आठवतात, ती जागा काही बघता येत नाही, पण गावात लाल दगडाचा छोटासा किल्ला आहे, चहा पिऊन तासभर बघून पुढं निघता येतं.

कागदपत्रांचं एक सांगतो. प्रत्येकाचं ओरिजिनल ओळखपत्र जवळ पाहिजे, पोरांचं सुद्धा. आपल्या आधार कार्डवर कन्नड आणि इंग्रजी दोन्ही असतंय, झेरॉक्स काढताना इंग्रजी मजकूर नीट उठलाय का बघा, बॉर्डरकडं जाताना चौकीवर नाव वहीत उतरवून घेतात तेव्हा ते लागतं.

मुक्काम खाली का

जैसलमेर स्टेशनवर उतरलात की रिक्षावाले आणि हॉटेलचे दलाल घेरतात, फार स्वस्तात खोली देतो म्हणतात. खोली खरंच स्वस्त असते, पण मग संध्याकाळपासून उंटाची सफारी आमच्याकडूनच घ्या म्हणून मागं लागतात आणि नाही म्हटलं की वागणं बदलतं. त्यामुळं दोन रात्रींचं तरी बुकिंग आधी करून जावा आणि हॉटेलवाल्याला फोनवरच विचारा की सफारी घेतलीच पाहिजे असं काही आहे का.

किल्ल्याच्या आतसुद्धा बरीच हॉटेलं, होम-स्टे आहेत, खिडकीतून सूर्योदय वगैरे फोटो बघून मोह होतोच. पण आत राहू नका असं मी मनापासून सांगतोय. हा किल्ला त्रिकूट टेकडीवर आहे, आणि ती टेकडी आपल्या सह्याद्रीसारखी काळ्या कातळाची नव्हे, वाळूचा दगड आणि मातीचे थर एकावर एक बसलेले आहेत. शेकडो वर्षं किल्ल्यात पाणी म्हणजे बायकांनी खालच्या गडीसर तलावावरून डोक्यावर आणलेली घागर, ते सांडून वाया घालवायचा प्रश्नच नव्हता. नंतर नळ आले, मग पर्यटक आले, प्रत्येक खोलीला बाथरूम आलं आणि ते पाणी गळून खालच्या मातीत मुरायला लागलं. माती फुगते, पाया सरकतो, बुरूज ढासळतात. १९९० च्या दशकातच जगातल्या धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत याचं नाव लागलं होतं, दुरुस्तीची कामं झाली, तरी २०२४ च्या पावसात तटाचा एक भाग कोसळलाच. आत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचं ते घर आहे, त्यांना कोण काय म्हणणार, पण आपण दोन दिवसाचे पाहुणे, आपली अंघोळ आपण खाली करावी.

आणि खाली राहण्यात फायदाच आहे. किल्ल्यात राहिलात तर किल्ला दिसत नाही, खाली एखाद्या गच्चीच्या हॉटेलात राहिलात तर सकाळ-संध्याकाळ अख्खा किल्ला समोर. खोली घेताना गच्चीवरून किल्ला दिसतो का एवढं एकच विचारा, बाकी टीव्ही आहे का, एसी आहे का, थंडीत काही लागत नाही, गरम पाणी तेवढं पाहिजे.

किल्ला

पहिल्या सकाळी सातच्या आत खालून निघा. चहा वर जाऊन प्या. वर जायची वाट चार दरवाज्यांतून आहे, अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ, दगडी फरसबंदी चढण, आणि माणसांच्या-गुरांच्या पायानं ते दगड इतके गुळगुळीत झालेत की चप्पल सरकते, म्हाताऱ्या माणसांना ग्रिप असलेले बूट घालायला लावा. आत राहणाऱ्यांच्या मोटरसायकली याच वाटेनं भरधाव वर-खाली करतात, लहान पोरांचा हात सोडू नका. किल्ल्यात शिरायला तिकीट नाही, तिकीट फक्त आतल्या राजवाड्याच्या म्युझियमला आणि जैन मंदिरांना.

चढताना तटाकडं मान वर करून बघा, कड्याकडेनं मोठमोठे गोल दगड मांडून ठेवलेले दिसतील. शत्रू चढायला लागला की वरून ढकलून द्यायला. एकूण ९९ बुरूज आहेत, बरेचसे १७ व्या शतकातले. भिंतीजवळ गेलात तर हात लावून सांधा बघा, दगड दगडात अडकवून रचलाय, कित्येक ठिकाणी मध्ये चुना दिसतच नाही. आपले गड बघणाऱ्या माणसाला हे बघताना वेळ कसा जातो कळत नाही.

थोडा इतिहास पोरांना वाटेतच सांगून टाका म्हणजे वर गाइडच्या मागं धावायला नको. भाटी राजपुतांची राजधानी आधी जवळच लोद्रव्याला होती, ती सपाटीवर, मग रावल जैसलनं ही टेकडी धरली आणि ११५६ मध्ये किल्ल्याला सुरुवात केली. मध्य आशिया, सिंध आणि हिंदुस्थान यांच्यातले उंटांचे तांडे इथून जायचे, रेशीम, मसाले, अफू, त्यांच्या जकातीवर हे राज्य मोठं झालं. दिल्लीच्या सुलतानांचे वेढे पडले, जोहार झाले, तिथले लोक अडीच साके म्हणून सांगतात, साका म्हणजे बायकांचा जोहार आणि पुरुषांची मरेपर्यंतची शेवटची लढाई, तिसऱ्या वेळी जोहाराची चिता रचायलासुद्धा सवड मिळाली नाही म्हणून तो अर्धा धरतात. पुढं मुंबईसारखी बंदरं वाढली, माल समुद्रानं जायला लागला आणि तांडे आटले, मग १९४७ ला फाळणी झाली आणि सिंधकडची वाटच बंद झाली. जे गाव वाटेवर होतं ते एका रात्रीत टोकाला गेलं.

चौथा दरवाजा ओलांडला की दशहरा चौक. समोर राजवाडा, सात मजली, बाजूला संगमरवरी सिंहासन बाहेरच ठेवलेलं. म्युझियम साधारण दीड तासाचं आहे, घाई नसेल तर वरच्या गच्चीपर्यंत जावा, तिथून सगळं गाव पिवळं पसरलेलं आणि त्याच्या पलीकडं पवनचक्क्या आणि वाळवंट. प्रवेशाजवळ भिंतीवर सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत, तिथं आवाज जरा खाली ठेवावा.

जैन मंदिरं मात्र सकाळीच करा, कारण बाहेरच्या माणसांना दर्शनाची वेळ दुपारपर्यंतच असते, नंतर गेलात तर दार बंद. पट्टा, पाकीट, पर्स, चामड्याचं काहीही आत चालत नाही, त्या दिवशी कापडी पिशवी घेऊन जावा म्हणजे बाहेर काढून ठेवायची भानगड नाही. सात मंदिरं एकमेकांना जोडलेली, पार्श्वनाथ, संभवनाथ, ऋषभदेव वगैरे, १२ व्या ते १६ व्या शतकात होत गेलेली. संभवनाथ मंदिराच्या तळघरात ज्ञानभंडार आहे, ताडपत्रावरच्या जुन्या पोथ्या, थोड्या काचेत ठेवलेल्या दिसतात. बेळगावकरांनी इथं एक करावं. जायच्या आधी आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, पुन्हा एकदा बघून जावं. ती १२०४ ची, रट्ट राजांच्या काळातली, म्हणजे हा किल्ला आणि आपली बस्ती पन्नास वर्षांच्या आतबाहेरची. आपल्याकडं काळा दगड, पाण्यासारखी चकाकी असलेले खांब, छताला लटकणारं कमळ, आणि तिथं पिवळ्या दगडात तोरणं, नर्तकी, जाळ्या. एकाच धर्माच्या माणसांनी, दोन टोकांना, हाताशी आला त्या दगडात काय करून ठेवलंय हे दोन्ही बघितल्याशिवाय कळत नाही. आणि दोन्ही किल्ल्याच्या आत.

जवळच लक्ष्मीनाथाचं मंदिर आहे, १४९४ चं सांगतात, तिथं नक्षी कमी आणि माणसं जास्त, गावातल्या बायका सकाळी आरतीला येतात, पाच मिनिटं बसा.

दुसरी सकाळ कशाला ठेवायची तर नुसतं फिरायला. तिकीट नाही, गाइड नाही. मागच्या गल्ल्यांत शिरा, जिथं दुकानं संपतात आणि घरं सुरू होतात. तिथं घरांच्या बाहेरच्या भिंतीवर रंगवलेला गणपती दिसेल, खाली नवरा-नवरीचं नाव आणि लग्नाची तारीख. घरात लग्न निघालं की भिंतीवर असा गणपती काढायचा, तीच सगळ्या गावाला पत्रिका. लग्न झाल्यावर पुसत नाहीत, पुढचं कार्य निघेपर्यंत तो तसाच राहतो, त्यामुळं कुठं रंग ताजा तर कुठं ऊन खाऊन फिका झालेला, कुठं नाव अर्धंच उरलंय. त्या तारखा वाचत वाचत गेलात की घराघरातला संसार कळतो, कुठल्या घरात परवाच सून आलीय ते सुद्धा. फोटो काढायचा तर भिंतीचा काढा, दारातल्या माणसाचा काढायचा तर आधी विचारा, आणि उघडं दार दिसलं म्हणून आत डोकावू नका, हवेली वाटते पण ते कुणाचं तरी स्वयंपाकघर असतं. आपला बेळगावचा किल्ला बराचसा मिलिटरीच्या ताब्यात, खंदक-दरवाजा-देवळं बघून आपण बाहेर येतो, त्यामुळं किल्ल्यात शाळेला जाणारं पोरगं, वाळत घातलेल्या साड्या, रस्त्यात बसलेली गाय असं बघायची आपल्याला सवय नाही. युनेस्कोनं २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांना एकत्र जागतिक वारसा केलं त्यात हा एक. (२०२५ ला आपल्या पन्हाळ्यासकट मराठ्यांचे बारा किल्लेही त्याच यादीत आले, हे तिथल्या गाइडला आवर्जून सांगा.)

गाइड घ्यायचाच असेल तर सरकारी ओळखपत्र मागा आणि दर आधी ठरवा. बरेच गाइड शेवटी एखाद्या शालीच्या नाहीतर चांदीच्या दुकानात नेऊन बसवतात, तेव्हा सुरुवातीलाच स्पष्ट बोला की दुकान नको. खाली दरवाज्याजवळ भांगेचं परवानाधारक दुकान आहे, लस्सी, कुकीज वगैरे करून विकतात, पोरं सोबत असतील तर लक्ष ठेवा.

हवेल्या आणि गडीसर

खाली गावात तीन हवेल्या नावाजलेल्या. पटवोंकी हवेली म्हणजे एका सावकारानं, गुमानचंद पटवानं, पाच मुलांसाठी बांधलेल्या पाच हवेल्या, १८०५ पासून सुरू झालेलं काम. सगळ्या बघायची गरज नाही, एक आतून बघा आणि बाकी रस्त्यावरून. नथमलची हवेली १८८५ ची, हाथी आणि लालू नावाच्या दोघा भावांनी एकेक बाजू घडवली असं सांगतात, दारात उभं राहून डावी-उजवी ताडून बघा, लांबून सारखी, जवळून वेगळी. ही पोरांना फार आवडते. सालमसिंहाची हवेली वरून मोराच्या पिसाऱ्यासारखी पसरलेली, ती बाहेरून बघितली तरी चालते.

गडीसर तलाव सूर्योदयाला. किल्ल्यातल्या दोन सकाळी सोडून एखादी पहाट मिळाली तर इकडं द्या, नाहीतर संध्याकाळी. पाण्याकडं जायच्या वाटेवर तिलोन की पोळ नावाचा दरवाजा आहे, एका नायकिणीनं बांधला, राजाला तो पाडायचा होता, तर तिनं वर कृष्णाचं मंदिर बसवलं आणि मग पाडणार कोण, अशी गोष्ट. तलाव १४ व्या शतकात महारावल गडसीनं दुरुस्त करून वाढवला म्हणून त्याचं नाव.

वाळू

सम चाळीस किलोमीटर, खुरी त्याहून थोडं लांब. सम म्हणजे रांगेनं तंबू, जीप, डीजे, गर्दी, आणि खुरी त्यामानानं शांत. म्हातारी माणसं आणि लहान पोरं असतील तर समच बरं पडतं, सोयी आहेत, शौचालयं आहेत. नुसतं वाळवंट बघायचं असेल तर खुरी. कॅम्प ठरवताना एकच प्रश्न विचारा, गाणं कोण म्हणतंय. लंगा किंवा मांगणियार कलाकार असतील तर जावा. कमायचा नावाचं तंतुवाद्य, खडताल, ढोलक आणि तो उघडा आवाज, ही मंडळी पिढीजात गाणारी आहेत, दोघंही मुसलमान, आणि राजपूत यजमानांच्या घरी जन्मापासून लग्नापर्यंत सगळी गाणी मांगणियारांचीच. त्यांच्याकडून केसरिया बालमच्या पुढचं काहीतरी मागून घ्या, खूश होतात, आणि उठताना हातात वेगळे पैसे द्या, कॅम्पच्या बिलातून त्यांच्यापर्यंत किती पोचतंय सांगता येत नाही.

समकडं जाताना कुलधरा लागतं, पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव. एका रात्रीत गाव सोडून गेले, शाप देऊन गेले, भुतं आहेत, हे सगळं ऐकवतात. मला त्यापेक्षा त्यांचं खडीन जास्त महत्त्वाचं वाटतं. पाणलोटाच्या खालच्या अंगाला लांब मातीचा बांध घालायचा, पावसाळ्याचं दोन-चार सरीचं पाणी तिथं साठवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर थंडीत गहू-हरभरा काढायचा. पावसाचा पत्ता नाही अशा मुलखात. आपल्याकडं शेती असलेल्या माणसानं ड्रायव्हरला सांगून एखादं चालू खडीन मुद्दाम बघावं, अजून वापरात आहेत.

हा सगळा भाग डेझर्ट नॅशनल पार्कचा, आणि तिथं माळढोक आहे, तिकडं गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी. आपल्याकडून तो जवळजवळ संपला, आता जगात जे थोडे उरलेत त्यातले बहुतेक याच वाळवंटात. दिसेलच असं नाही. पण वाळूत जीप उडवायचा खेळ करू नका, ती त्याची जमीन आहे.

बॉर्डरचा दिवस

पहाटे निघा, पेट्रोल जैसलमेरलाच फुल करा, पाणी आणि खायचं सोबत घ्या. रस्ता रामगढवरून तनोटला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, सरळ, रिकामा, अधूनमधून मेंढरं आणि वाऱ्यानं रस्त्यावर आलेली वाळू. सरळ रस्ता म्हणून ड्रायव्हरला पळवू देऊ नका, उंट अचानक आडवे येतात. रामगढनंतर मोबाईलला रेंज असेलच असं धरू नका.

तनोट मातेचं मंदिर बीएसएफ सांभाळतं, पुजारीसुद्धा जवानच, आरती ते करतात. १९६५ च्या युद्धात या भागात पाकिस्ताननं तोफगोळ्यांचा मारा केला, मंदिराच्या आवारात पडलेले गोळे फुटलेच नाहीत, त्यातले काही आत काचेत ठेवलेत. ज्याच्या घरातलं कुणी फौजेत आहे त्यानं आरतीच्या वेळी तिथं असावं. तनोटच्या पुढं थेट सीमेच्या तारेपर्यंत जायचं तर बीएसएफचा पास लागतो, ओरिजिनल ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि त्या दिवशी सोडतील की नाही हे सर्वस्वी त्यांच्यावर. नाही म्हणाले तर हुज्जत घालू नका. जवान, चौकी, टॉवर, रडार यांचे फोटो काढायचे नाहीत, ड्रोन तर जैसलमेरला आणूच नका. हा भाग खरोखर संवेदनशील आहे, मे २०२५ मध्ये जैसलमेर शहरात रात्री ब्लॅकआऊट होता, तेव्हा निघायच्या आधीच्या आठवड्यात बातम्या बघून आणि हॉटेलवाल्याला विचारूनच हा दिवस पक्का करा.

तनोटवरून लोंगेवाला. ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या बटालियनचे सव्वाशेच्या आसपास जवान इथं होते आणि समोरून चाळीसहून जास्त रणगाडे आले. जैसलमेरच्या आपल्या हंटर विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, त्यामुळं रात्र या माणसांनीच काढली, उजाडल्यावर ती विमानं आली आणि वाळूत अडकलेले रणगाडे टिपून काढले. चांदपुरींना महावीर चक्र मिळालं. पकडलेले रणगाडे तिथं ठेवलेत, छोटा माहितीपट दाखवतात. पोरांना आधी ती जमीन दाखवा, सपाट, आडोसा नसलेली, मग रणगाडा दाखवा. परत येताना वेळ उरला तर जोधपूर रस्त्यावर सैन्यदलाचं वॉर म्युझियम आहे, नाहीतर ते जायच्या दिवशी करा.

एक गोष्ट ड्रायव्हरशी बोलताना ऐकायला मिळते. तिथल्या सोढा राजपुतांच्या, मांगणियारांच्या कित्येक घरांच्या सोयरिकी सिंधमध्ये आहेत. बाडमेरकडच्या मुनाबावमधून थार एक्सप्रेस २००६ ला सुरू झाली होती, २०१९ ला बंद पडली, तेव्हापासून कुणाची आई तिकडं आणि लेक इकडं. आपण सीमाभागातली माणसं, आपली बहीण गडहिंग्लजला आणि आत्या चिक्कोडीला, मध्ये राज्याची हद्द, तिच्यावरून आपण उभं आयुष्य भांडलोय, आणि तरी सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येतो. त्या माणसांना ते नाही. हे ऐकताना आपल्यातल्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही, तेव्हा ड्रायव्हर बोलत असेल तर बोलू द्या, गाणी बंद करायला सांगा.

खाणं आणि आणायचं

दाल-बाटी-चुरमा सगळीकडं मिळतं, पण केर-सांगरीची भाजी आणि बाजरीची भाकरी मागा. सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या शेंगा, केर ही तिथल्या काटेरी झुडपाची फळं, दोन्ही वाळवून ठेवतात, पावसाचा भरवसा नसलेल्या माणसांचं जेवण. आपल्या जिभेला लसणाची चटणी बरोबर चालते. सकाळी कांद्याची कचोरी, आणि जैसलमेरचा म्हणून घोटुआ लाडू. मटण खाणाऱ्यांनी लाल मास खाली गावात खावं, किल्ल्याच्या आत जैन-ब्राह्मण वस्ती आहे, तिथं विचारूसुद्धा नये. पाणी बाटलीचंच प्या, पोट बिघडलं तर बॉर्डरचा दिवस वाया जातो. जाताना घरून शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी न्या, दीड दिवस गाडीत तीच उपयोगी पडते, आणि हॉटेलवाल्यासाठी, ड्रायव्हरसाठी कुंद्याची दोन पाकिटं जादा ठेवा. आपल्या गावाची ओळख द्यायला त्यापेक्षा सोपं काही नाही.

विकत घ्यायचं तर वाळवलेली केर-सांगरी बाजारातल्या किराणा दुकानातून घ्या, किल्ल्यातल्या दुकानातून नको. हाबूर गावाचा तपकिरी दगड मिळतो, त्याच्या वाटीत विरजण न घालता दही लागतं असं सांगून विकतात, वाटी सुंदर असते, घ्यायची तर दिसायला आवडली म्हणून घ्या. दगडाच्या वस्तू बॅगेच्या तळाला, मध्ये कपडे. आणि परतीला जैसलमेरवरून येणारी गाडी आणि जोधपूरवरून सुटणारी बेळगावची गाडी यात चार-पाच तास तरी मोकळे ठेवा, तेवढ्यात मेहरानगड खालून तरी बघून होतो आणि जेवणही होतं.